तळघरातल्या फ्रीझरची फिर्याद

मी एक जुना डीप फ्रीझर आहे, आणि मित्रांनो, मी चिडलेलो आहे. माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की बहुधा हळहळतात. कोणी मोडीत काढल्याबद्दल, कोणी विसरून गेल्याबद्दल. माझे दुःख तसे नाही. मला कोणी विसरले नाही. उलट माझा नको तसा उपयोग करून घेतला, आणि जिने मला आयुष्यभर धुऊनपुसून ठेवले त्या बाईलाच माझ्या पोटातल्या मालाने खोटे पाडले. थंड राहणे हा माझा धर्म आहे. तरीही त्या दिवसापासून माझी मोटार पूर्वीपेक्षा मोठ्याने घरघरते.

माझा जन्म दक्षिण स्वीडनमधल्या एका कारखान्यात झाला. पत्र्याचे दुहेरी अंग, मध्ये उष्णता अडवणारा जाड थर, बाहेरून पांढरा रंग आणि पेटाऱ्यासारखे वर उघडणारे झाकण. मालगाडीतून मी उत्तरेच्या एका लहान गावी आलो. तिथले सामाईक शीतगृह नुकतेच बंद पडले होते आणि घरोघरी स्वतःची पेटी घेण्याची घाई चालली होती. मला एव्हर्ट आणि त्याची बायको टोरबोर्ग यांनी घेतले. एव्हर्टने शेजारच्या हालवारला मदतीला बोलावले. तळघराच्या दाराची चौकट काढल्याशिवाय मी आत जाईना.

"हा आत गेला तो गेला," हालवार धापा टाकत म्हणाला. "आता घर पडेल तेव्हाच बाहेर येईल."

"म्हणजे माझं घर पडायची वाट बघतोयस तर," एव्हर्ट म्हणाला. "उचल आधी. तुझ्या बाजूनं सगळा भार माझ्याकडे येतोय."

असे माझे स्वागत झाले. तेव्हापासून मी स्वयंपाकघराच्या बरोबर खाली, बटाट्यांच्या खोक्यांशेजारी उभा आहे. वरचे बोलणे फळ्यांतून माझ्यापर्यंत येते आणि अंगणातले बोलणे छोट्या खिडकीतून.

आमच्या रानात एल्क असतो. घोड्याहून उंच, लांब पायांचा, फावड्यासारख्या रुंद शिंगांचा प्राणी. सप्टेंबरात गावचे शिकारमंडळ रानात शिरते. मारलेला एल्क सोलून थंड खोपटात काही दिवस टांगून ठेवतात, मग फळ्यांवर त्याचे तुकडे करतात आणि सारख्या आकाराचे ढीग लावतात. कोणता ढीग कोणाचा हे ठरवण्याची आमची एक रीत आहे. एक जण ढिगांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एका ढिगावर बोट ठेवून विचारतो, "हा कोणाचा?" पाठ केलेला माणूस एक नाव घेतो. ज्याचे नाव, त्याचा ढीग. त्यात चांगला तुकडा आला म्हणून कोणी फुगत नाही आणि हाडे जास्त आली म्हणून कोणी कुरकुरत नाही.

टोरबोर्ग बंदूक चालवत नसे. पण कातडी न फाडता एल्क सोलावा तर तिनेच, असे सगळे मंडळ मानत असे. घरी आलेले मांस ती पांढऱ्या कागदात घट्ट गुंडाळून सुतळीने बांधी आणि निळ्या पेन्सिलीने वर्ष लिही. तिची पाकिटे पसरट असत. ती सगळी एकदम माझ्यात कोंबत नसे. थोडी थोडी आणून ती माझ्या भिंतींना टेकवून ठेवी, म्हणजे मांस आतपर्यंत लवकर गोठे. खिमा लवकर खवट होतो म्हणून तो हिवाळ्यातच संपे. रश्शाचे तुकडे वसंतापर्यंत पुरत. उन्हाळ्यात हाडांचे सूप होई. आणि शेवटी उरलेला मांडीचा मोठा तुकडा गोठलेलाच मंद भट्टीत जाई, रात्रभर तिथेच राही, मग मिठाच्या पाण्यात मुरे आणि पातळ कापून थंडच वाढला जाई. त्या दिवशी माझा तळ दिसे. टोरबोर्ग मला बंद करून गरम पाण्याने आतून पुसून घेई. भुकेल्या पेटीसारखा मी नव्या सप्टेंबरची वाट पाही, आणि ती भूक मला फार मानाची वाटे.

कारण आमच्या मंडळाचा एक नियम आहे. फार पूर्वी कोणीतरी जुने मांस गुपचूप खड्ड्यात टाकले. कोल्ह्यांनी ते उकरून चर्चच्या वाटेवर पसरले आणि सगळ्या गावाची मान खाली गेली. तेव्हापासून शिकारीच्या आधीच्या शनिवारी मंडळाचा प्रमुख घरोघर जातो आणि फ्रीझरचे झाकण उघडून तळ पाहतो. आदल्या शिकारीचे एका पाकिटाहून जास्त मांस ज्याच्याकडे उरले असेल, त्याला यंदाचा वाटा नाही. या पाहणीला तळपाहणी म्हणतात. माझ्या मते माणसांनी केलेल्या थोड्या शहाण्या नियमांपैकी हा एक आहे. म्हणूनच त्याची जी थट्टा झाली ती मला सहन होत नाही.

एव्हर्ट वारला. मंडळात त्याच्या जागी त्याचा मुलगा होकान गेला, आणि टोरबोर्गचा वाटा तिच्या स्वतःच्या कामाबद्दल पूर्वीसारखाच चालू राहिला. होकानचे घर नदीच्या पलीकडे होते आणि त्याचा फ्रीझर माझ्या दुप्पट मोठा होता. शिकार त्याला मनापासून आवडे. खाणे मात्र त्याच्या घरी कोणाला जमत नसे. मुले शहरात गेलेली, बायको अनेली इस्पितळात पाळ्या करणारी. संध्याकाळी दोघे पाव आणि चीज खाऊन झोपत. मांस त्याने बाजारातल्या हवा काढून घेणाऱ्या यंत्रात चकचकीत प्लास्टिकमध्ये बंद केले आणि नवे जुन्यावर रचत गेला. खालचे खालीच राहिले. वर्षे गेली. दरवर्षी पाहणीच्या आधी तो थोडेफार कोणाला तरी देऊन टाकी, बाकीचे चार दिवस गावाबाहेरच्या कोणाकडे तरी ठेवी आणि कसाबसा निभावून नेई.

त्या ऑगस्टमध्ये मात्र ते कोणी ठेवूनही घेईना. टोरबोर्ग लिंगनबेरीची लाल फळे वेचायला रानात गेली होती. होकान गाडी मागच्या अंगणात घेऊन आला आणि खोकी घेऊन जिना उतरला. माझे झाकण उघडून त्याने आत पाहिले. माझ्यात तेव्हा कागदातले एकच पाकीट होते, तोच मांडीचा शेवटचा तुकडा.

"जागा आहे की भरपूर," तो स्वतःशीच म्हणाला. मग माझ्या कडेवर हात ठेवून जरा थांबला. "चारच दिवस. विधवेचं तळघर कोण बघतंय?"

आणि त्याने मला भरले. तीन शरदांचे मांस होते ते, मित्रांनो. काही पाकिटांची शिवण सुटली होती. आत हवा शिरून मांसावर पांढरट, कोरडे डाग पडले होते. एका एल्कच्या पिल्लाचा अख्खा खांदा होता, ज्याला आजवर कोणी हातही लावला नव्हता. टोरबोर्गचा तो शेवटचा तुकडा त्याने वर ठेवला, तिला काही कळू नये म्हणून. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. मला फक्त झाकण आहे, आणि ते त्याने बंद केले.

होकानचा हिशेब एका बाबतीत खरा होता. एव्हर्टच्या मागे मंडळाचा प्रमुख झालेल्या हालवारने या घराची तळपाहणी सोडून दिली होती. त्याला तो आदर वाटे. टोरबोर्गला मात्र ते डाचत होते. शनिवारी हालवार, मंडळातला विनोदी बिर्गेर आणि होकान रस्त्याने पुढे निघालेले पाहून ती दारात उभी राहिली.

"हालवार, माझ्याकडे नाही यायचं का?"

"तुझ्याकडे काय बघायचं, टोरबोर्ग? तुझा तळ आम्हाला ठाऊक आहे."

"मी वाटा घेते ना? मग तळही दाखवणार. सूट देऊन मला हिशेबातूनच काढता की काय? वर कॉफी ठेवलीय. आधी खाली चला."

"आई, कशाला त्यांना उगीच..." होकान म्हणाला.

"तू गप्प बस. पायऱ्यांवर नीट पाय टाका, दुसरी मोडकी आहे."

जिन्यावर पावले वाजली. तिने स्वतः अभिमानाने माझे झाकण उचलले. वरचे पाकीट काढले आणि तिचा हात तिथेच थांबला. खाली प्लास्टिक चमकत होते.

हालवारने वाकून एक पाकीट उलटले, मग दुसरे. चिठ्ठीवरचे वर्ष त्याने डोळ्यांजवळ नेऊन वाचले.

"काय टोरबोर्ग, तूही प्लास्टिकवाली झालीस होय?" बिर्गेर म्हणाला.

प्रश्न अगदी बरोबर होता. पण तो थट्टेत विचारला गेला, म्हणून उत्तराची वाट कोणी पाहिली नाही. समोर पांढऱ्या कागदाचे पाकीट तिच्या हातात होते आणि चकचकीत पाकिटांचा ढीग माझ्या पोटात. ज्याला डोळे आहेत त्याला दिसावे एवढे ते उघड होते. हालवारने वर्ष पाहिले, बांधणी पाहिली नाही. मुलाने आईला पाकिटे बांधून दिली असतील असे तो धरून चालला. आणि तो मुलगा जिन्याच्या खालच्या पायरीवर उभा राहून आपल्या टोपीची कड चाचपत होता.

टोरबोर्गने त्याच्याकडे एकदाच पाहिले. तिला सगळे कळले होते. आई आपल्या मुलाच्या हातचे काम ओळखते.

"माझ्या फ्रीझरमध्ये आहे, म्हणजे माझंच," ती म्हणाली.

"टोरबोर्ग, हे तीन वर्षांचं आहे."

"वाचता येतं मला."

हालवारने पाकीट परत जागेवर ठेवले. "एव्हर्टनंच एकदा माझा वाटा अडवला होता, आठवतं? दोन पाकिटांसाठी. मी त्याला सूट मागितली नव्हती." त्याने झाकण हळूच खाली केले. "तुलाही देता येणार नाही गं."

"मागितली कोणी?"

ते कॉफी न घेताच गेले. होकान त्यांच्यामागून गेला. चार दिवसांनी मांस परत न्यायला तो येणार होता म्हणे. पण आता ते आईचे म्हणून साऱ्यांनी पाहिले होते, नेणार कसे? मित्रांनो, मला त्या तिघांचाही राग आला आणि खरे सांगायचे तर टोरबोर्गचाही आला. पोटचा मुलगा म्हणून त्याचे पाप आपल्या पदरात घ्यायचे, ही कसली माया? मांसाचा एक तुकडा वाया जाऊ नये म्हणून जन्मभर झटलेली बाई गावात उधळी ठरली. तिचे नाव यंदा कोणी घेणार नव्हते, आणि सत्य माझ्या पोटात गोठून पडले होते.

दुसऱ्या दिवशी अनेली आली. पाहणीची बातमी नदी ओलांडून गेली होती. टोरबोर्ग पाकिटे काढून टेबलावर लावत होती. अनेलीने एक उचलले आणि ते उलटसुलट करून पाहिले.

"टोरबोर्ग, ही तर आमची पाकिटं आहेत. ही चिठ्ठी मीच चिकटवलीय. वाकडी."

"असेल."

"असेल काय? त्यानं मला सांगितलं, वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघराला दिली म्हणून. मी खूश होऊन त्याला पॅनकेक करून घातले." ती खुर्चीवर बसली. "मी आत्ता जाते हालवारकडे."

"कुठं जायचं नाही. आधी हे मांस. ते आधी. मग माणसांचं बघू."

"आणि तुझा वाटा?"

"माझा वाटा आठवड्यानं ठरायचाय. हे रोज शिळं होतंय. सुरी घे."

त्या दोघींनी मांसाचा बर्फ थंड तळघरातच सावकाश सुटू दिला. डाग पडलेला भाग जाड कापून बाजूला काढला. चांगले उरले त्याचा, मसाल्याचे मिरे आणि तमालपत्र घालून, मोठ्या पातेल्यांत रस्सा शिजला आणि निवल्यावर पुन्हा माझ्यात गोठला. पिल्लाचा खांदा मात्र गोठलेलाच राहिला आणि वाटपाच्या आदल्या रात्री मंद भट्टीत गेला. खिमा टोरबोर्गने हुंगला. पुन्हा हुंगला. खवट झालेला, कुत्र्यालाही न चालणारा. तिने ती पाकिटे एकेक करून बादलीत टाकली आणि प्रत्येक वेळी बादलीचा आवाज आधीपेक्षा जोरात आला. मागे बर्च झाडांखाली त्यांनी खोल खड्डा खणला, कोल्ह्यांना पोहोचणार नाही इतका.

"धावणारं जनावर होतं हे," परत आल्यावर टोरबोर्ग हात धूत म्हणाली. "त्याला मारून आपण त्याचं हे केलं."

शिकार झाली. ढीग लागले, नावे घेतली गेली. तिचे नाव कोणी घेतले नाही. त्याच दुपारी, वाटे अजून गाड्यांत असताना, टोरबोर्गने सगळ्या मंडळाला जेवायला बोलावले. नाही म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही. माझ्या डोक्यावर बुटांची ये-जा झाली, खुर्च्या सरकल्या, चमचे वाजले.

"वा," बिर्गेरचा आवाज आला. "हे यंदाचंच का? इतकं मऊ लागतंय. कोणीतरी लपवून दिलेलं दिसतंय, टोरबोर्ग. नियम मोडून."

"तीन वर्षांपूर्वीचं आहे," टोरबोर्ग म्हणाली. "लपवलेलं मात्र खरं."

चमचे थांबले.

"होकानला अजून वाढ," अनेली म्हणाली. "त्याचं ताट तसंच आहे. आणि आजच्या जेवणावर त्याचा हक्क सगळ्यांत जास्त."

"म्हणजे?" हालवारने विचारले.

मी माझ्या मोटारीची घरघर ऐकत होतो. मग होकानची खुर्ची मागे सरकली.

"ते माझं होतं," तो म्हणाला. "सगळं. मी आणून ठेवलं खाली. मला वाटलं, तुम्ही आईकडे येत नाही."

"आणि गेलो तेव्हा? जिन्यात उभा होतास तू."

"होतो."

"टोरबोर्ग, तुला ठाऊक होतं?"

"तुलाही ठाऊक व्हायला हवं होतं, हालवार. आयुष्यात मी प्लास्टिकात मांस बांधलंय का? बिर्गेरनं विचारलंसुद्धा. तुम्ही सगळे हसायच्या तयारीत होतात."

हालवार उठल्याचा आवाज आला. "माझं चुकलं. होकान, तुझा ढीग गाडीतून काढ आणि आईच्या ओसरीवर आणून ठेव. तिचा झाला तो."

"मुळीच नाही," टोरबोर्ग म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण फळ्यांतून स्पष्ट खाली आला. "मुलाचा वाटा आईला दिला, असं म्हणून मिटवणार? म्हणजे उद्या म्हणाल, घरातल्या घरात राहिलं. मला त्याचा वाटा नको. माझा हवा. इतरांसारखा, नाव घेऊन."

"पण वाटप झालंय, टोरबोर्ग."

"मग पुन्हा करा. मांस अजून गोठलेलं नाही."

कोणीतरी हसले आणि लगेच थांबले. मग बूट दाराकडे निघाले. गाड्यांची दारे उघडली. अंगणात फळ्या मांडल्या गेल्या आणि प्रत्येकाने आपापला ढीग आणून ठेवला, होकाननेही. बिर्गेरने ते इकडचे तिकडे सरकवले.

"पाठ करून कोण उभं राहणार?" हालवारने विचारले.

"मी," टोरबोर्ग म्हणाली. कोणी हरकत घेतली नाही.

"हा कोणाचा?"

"बिर्गेरचा."

"हा?"

"तुझा, हालवार."

एकेक नाव माझ्या छोट्या खिडकीतून आत येत होते. मग पुन्हा प्रश्न आला.

"टोरबोर्गचा," ती म्हणाली. आपलेच नाव तिने परक्या माणसाचे घ्यावे तसे घेतले, नीट, पूर्ण. त्यानंतरही नावे झाली, आणि ढीग संपले. होकानचे नाव तिने घेतले नव्हते. ते घ्यावे असे कोणी सुचवलेही नाही.

तिचा वाटा खाली आणून ठेवला तो होकाननेच. त्याचे हात थंडीने लाल झाले होते.

"आई, हे कुठं ठेवू?"

"तळाशी. दुसरं काही आहे का तिथं?"

"नाही."

"मग विचारतोस काय? सगळं एकदम कोंबू नकोस. चार पाकिटं आता, बाकी थंड खोपटात, उद्या." ती कागद आणि सुतळी घेऊन बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "हिवाळाभर रविवारी इथंच जेवायला या दोघं. भांडी तू घासायचीस."

"बरं."

"आणि चवीबद्दल बोलायचं नाही. खायचं."

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, मग आता राग कशाचा? वाटा मिळाला, नाव मिळाले, मुलगा वठणीवर आला. माणसांचे सगळे नीट झाले, मान्य आहे. पण त्या बर्च झाडांखालच्या खड्ड्याचे कोणी नीट करू शकत नाही. तिथे जे पडले आहे ते कधीकाळी दलदल तुडवत, फांद्या मोडत, पिल्लाला मागे घेऊन चालले होते. ते मेले ते कोणाच्या भुकेसाठी नव्हे. एका मोठ्या पेटीतली जागा भरण्यासाठी मेले. त्याची माफी कोणी मागितली नाही, आणि मागितली तरी ती ऐकायला तिथे कोणी नाही.

मी गोठवू शकतो, वाचवू शकत नाही, हे तुम्ही नीट समजून घ्या. माझ्या थंडीला साठवण्याची ताकद आहे, जेवू घालण्याची नाही. ते काम तुमच्या हातांचे आहे. तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद असेल, मग त्यात एल्क असो की मासळी, की मटार, तर त्यात नवे ठेवण्यापूर्वी खाली हात घाला. हात गारठेल. गारठू द्या. तळाशी जे सापडेल ते आज शिजवा. आणि ज्या जिवाला मारून आणले त्याला ताटापर्यंत पोहोचवण्याचे कष्ट होत नसतील, तर बंदूक खुंटीलाच राहू द्या.